लिंबावरून मागे गेलेली गाडी
चाकाखाली चिरडलेल्या लिंबाचा वास आला की मला वणीतला तो धुळकट उतार आठवतो. नव्वदच्या दशकात बाबांनी पहिलीवहिली गाडी घेतली आणि पूजेला थेट देवीच्या गडाच्या पायथ्याशी आणली. झेंडूचा हार चढला, नारळ फुटला, चाकांखाली लिंबं ठेवून झाली. आता लिंबावरून गाडी फक्त पुढे न्यायची होती, तर बाबांनी गडबडीत रिव्हर्स टाकला आणि गाडी मागच्या टोमॅटो भरलेल्या जीपवर धाडकन आदळली. बाबा भांडायच्या तयारीनेच उतरले. जीपवाल्याने बंपरवरून हात फिरवला आणि म्हणाला, ‘‘काय नाय झालं भाऊ. देवीच्या दारात कशाला वाद? जा तुम्ही.’’ बाबांचा चेहराच उतरला. ‘‘इतक्या सहज कोण सोडतं? ह्याच्या मनात काहीतरी आहे,’’ ते आईला हळूच म्हणाले. मग त्यांनी डिकी उघडून स्टेपनी पाहिली, गाडीखाली वाकून पाहिलं, जीपचा नंबर आईकडून पाठ करून घेतला. परतताना शहरातला द्वारका चौक येईपर्यंत त्यांची नजर आरशातच होती. शेवटी आई वैतागली, ‘‘अहो, पुढे बघा, नाहीतर आता पुढची ठोकाल!’’ परवा पार्किंगमध्ये एका गृहस्थांनी रिव्हर्स घेताना माझ्या गाडीला ठोकलं. मी हसून म्हटलं, ‘‘राहू द्या हो, काही नाही झालं.’’ ते हसले नाहीत. आधी त्यांनी स्वतःच्या गाडीभोवती एक फेरी मारली आणि मग मोबाईल काढून माझ्या नंबरप्लेटचा फोटो घेतला.