गालाला लावलेली बाहुली

धैर्याची स्तुती सर्वांनीच केली. भयाच्या वाट्याला गौरवाचा शब्द क्वचितच आला. तथापि एक भय असे असते, जे स्वतःच्या जिवासाठी नव्हे, परक्याच्या लेकरासाठी अहोरात्र जागे राहते. त्याला भीती म्हणावे की वात्सल्य, हे विद्वज्जनांनी ठरवावे. मोजणीबाईंच्या ठायी ते आजन्म वसत होते.

शिंप्यांकडच्या उरल्यासुरल्या चिंध्या आणून त्या वस्तीतल्या आयांना बाहुल्या शिवायला शिकवीत. घरखर्चाला तेवढाच हातभार. वर्गाच्या आरंभी वीस सुया द्यायच्या, शेवटी वीस मोजून घ्यायच्या, आणि मोडलीच तर दोन्ही तुकडे तळहातावर हवेत, हा त्यांचा दंडक. नाव पडले ते त्यामुळेच.

"बाई, स्वप्नातही सुयाच मोजता काय हो?" एखादी चिडवायची.

"मोजते ना. तिथे रोज एक कमी भरते."

एका दुपारी सुया वीस भरल्या. पण एकीचे नेढे सोनेरी होते. वर्गातल्या सगळ्या सुया पांढऱ्या. बाईंनी ती उचलून सर्वांसमोर धरली.

"ही कुणाची?"

वर्गात सर्वांत नवी असलेली धाकटी रडू लागली. "माझी, घरची. तुमची मोडली हो बाई. टोक सापडेना. वर्गातून काढाल म्हणून ही ठेवली." तिने मूठ उघडली, आत नेढ्याकडचा अर्धा तुकडा होता.

"टोक कोणत्या बाहुलीत गेलं?"

"दोन शिवल्या. एक ही इथे."

"आणि दुसरी?"

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. पडद्यापलीकडे तिचे सात महिन्यांचे बाळ खेळत होते.

बाई धावल्या. बाळ बाहुलीची मान हिरड्यांनी चावत होते. मागून आई किंचाळली, "ओढा ना बाई, ओढा!" बाईंनी ओढली नाही. ओढताना टोक ओठ चिरीत गेले असते. स्वतःचे बोट त्यांनी हिरड्या आणि कापड यांच्यामध्ये हळूच सरकवले, जबडा सैल होईपर्यंत श्वास रोखला, मग बाहुली काढली. बाळाने भोकाड पसरले. तोंडात बोट फिरवून, जीभ उचलून त्यांनी पाहिले. रक्त नव्हते.

मग त्यांनी ती ओली बाहुली स्वतःच्या गालावर दाबली. पोट, हात, पाय; काहीच नाही. मानेच्या शिवणीपाशी मात्र गालात टच्कन टोचले. कापडावर रक्ताचा ठिपका उमटला.

"सापडलं," बाई म्हणाल्या, आणि शिवण उसवून ते टोक त्यांनी दुसऱ्या तुकड्याशेजारी तळहातावर घेतले.

बाळाला उराशी घट्ट धरून धाकटीने विचारले, "आता काढणार ना मला?"

"काढून काय करू? आज या खोलीत माझ्याएवढी घाबरलेली तूच एकटी आहेस. उद्यापासून सुया तू मोजायच्या."

बाईंना जाऊन आता सहा वर्षे झाली. धाकटी वर्ग चालवते. तिथली प्रत्येक बाहुली बाहेर पडण्यापूर्वी शिवणारीच्या गालाला लागते. डब्यात एकोणीस अखंड सुया आहेत. विसावी दोन तुकड्यांत आहे, आणि तीही रोज मोजली जाते.