उताऱ्यात नसलेली सून

आमच्या मोठ्या वहिनीइतका छापील अक्षरावर अविश्वास असलेलं माणूस साऱ्या भंडारा जिल्ह्यात सापडणार नाही. लग्नपत्रिकेवर 'आपली उपस्थिती हाच आहेर' असं वाचलं, की ती लगेच भांडं विकत आणते. दोष तिचा नाही. लाखनीपासून लाखांदूरपर्यंतच्या कितीतरी सोयरिकी तिने जुळवल्या. मुलगा निर्व्यसनी आहे असं कुणी सांगितलं, की ती आधी त्याच्या गावच्या पानठेल्यावर चौकशी करणार. तरी एखादी पोर रडत माहेरी परत यायचीच. मग तिच्यासोबत वकिलाकडे खेपा घालायलाही वहिनीच. वकिलांचं बोलणं तिला कधी पटलं नाही. शेवटी मुलं मोठी झाल्यावर तिने ठरवलं, आपणच वकील व्हायचं.

पदवी होतीच. घोडं अडलं ते प्रवेशपरीक्षेतल्या उताऱ्यावरच्या प्रश्नांत, आणि तेही दोनदा. मी शाळामास्तर, म्हणून तिची शिकवणी माझ्या गळ्यात पडली. एका उताऱ्यात रामराव शेत विकून शहरात लेकाकडे जातात आणि 'तेथे ते समाधानी आहेत'. रामरावांची मनःस्थिती कशी आहे, असा प्रश्न. वहिनीने बेधडक 'दुःखी'वर खूण केली.

"वहिनी, समाधानी लिहून आहे ना!"

"लिहून आहे, पन लिहा कायले लागलं? समाधानी मानूस सांगत फिरते का, भाऊजी? सुनेसंग पटून नाई राहिलं बुढ्याचं."

उताऱ्यात सून नव्हतीच. ती वहिनीने आणली, आणि आमची चर्चा थेट त्या सुनेच्या माहेरापर्यंत गेली. मी कपाळाला हात लावला. "जेवढं लिहून आहे तेवढंच खरं मानाचं. हा उतारा आहे, स्थळ नाई."

या वेळी हुकलं तर पुन्हा बसणार नाही, असं तिने दादाला सांगून टाकलं होतं. त्यामुळे परीक्षेच्या दिवशी मीच अंगणात येरझारा घालत होतो. ती मात्र हसतच परत आली. "साऱ्याइवर इस्वास ठेवला, भाऊजी. इतका भोळेपना तर मी लग्नातबी नोता केला."

ती पास झाली. परवा कॉलेजसाठी नागपूरला राहायला निघाली, तेव्हा मी लाखनीच्या स्टँडवर तिची बॅग चढवून दिली. आता घरात वाद घालायला कुणी उरणार नाही, हे तिथे उभं राहिल्यावर लक्षात आलं.

"करमन ना तुमाले?" तिने खिडकीतून विचारलं.

"न करमाले काय झालं? मजेत राहू आमी."

जेवढं सांगितलं तेवढंच खरं मानायचं, हे तिला मीच शिकवलं होतं. वहिनीने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"शनिवारी येतो मी," ती म्हणाली. "पहले डोळे पुसा."