वैशालीला ऐकू आलेला पासवर्ड

मला पुरावा लागतो. घरी कुणी दृष्ट काढायला निघाले, तर मी आधी थर्मामीटर आणते. त्यामुळे हा प्रसंग मी श्रद्धेने नव्हे, निव्वळ नाइलाजाने लिहीत आहे...

नाशिकहून ओझरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका कॉलेजात मी प्रथम वर्षाला माहिती-सुरक्षा शिकवते. त्या दुपारचा विषय होता हॅशिंग — म्हणजे पासवर्डपासून अक्षर-अंकांची अशी माळ तयार करणे, जिच्यावरून मूळ पासवर्ड परत मिळवता येत नाही.

"द्राक्षांचा रस काढला की पुन्हा घड होत नाही, तसं," मी म्हणाले.

"वाइन तरी होईल ना, मॅडम!" निफाडचा सुयोग मागून ओरडला. वर्ग हसला.

मी प्रोजेक्टर बंद केला, मनाला येतील ती अक्षरे लॅपटॉपवर टाइप केली, त्यांचा हॅश काढला आणि मूळ अक्षरे पुसून टाकली. माझ्या पाठीमागे फक्त भिंत होती. मग हॅश पडद्यावर दाखवून विचारले, "सांगा, पासवर्ड काय होता?"

हरसूलची वैशाली, एरवी हजेरीलाही जेमतेम ओ देणारी, उभी राहिली आणि एकेक अक्षर सांगू लागली. मी ते टाइप केले. हॅश तोच आला.

बातमी विभागप्रमुखांपर्यंत गेली.

"ऋजुता मॅडम, पोरीने तुमच्या लॅपटॉपमध्ये काहीतरी टाकलंय. त्यात परीक्षेचे पेपर असतात, कळतंय ना? तुमचा अहवाल द्या, मी तिचा प्रवेश रद्द करतो."

प्रवेश गेला की वसतिगृहही जाणार होते. आणि घरी तिच्यासाठी स्थळ पाहून ठेवलेलेच होते, हे तिच्या मैत्रिणीने मला सांगितले.

लॅपटॉप कसून तपासला. काहीही सापडले नाही. मग एका सकाळी कोरा, नेटवर्क नसलेला संगणक घेऊन मी वैशालीसह रिकाम्या स्टाफरूममध्ये बसले. तिला माझ्यासमोर, स्क्रीनच्या मागच्या बाजूला बसवले. कळांच्या आवाजावरूनही अक्षरे ओळखता येतात, म्हणून या वेळी अक्षरे संगणकालाच निवडू दिली. मी ती फक्त मनात वाचली.

तिने सगळी बरोबर सांगितली.

"वैशाली, खरं सांग. तुला कळतं कसं?"

"मी कुठं काय करते, मॅडम? तुमच्या मागं त्या बाई हायत ना, त्या वाचून दाखवत्यात. मला वाटलं, सगळ्यांनाच ऐकू जातंय."

मी मागे वळून पाहिले नाही. पाहायला हवे होते. निरीक्षण हेच तर माझे शिक्षण.

त्याऐवजी मी प्रयोगातला एकच घटक बदलला. संगणकाने पुन्हा अक्षरे निवडली, पण मी स्क्रीन बंद ठेवली. वैशालीने माझ्या खांद्यामागे पाहत कान दिला.

"आता नाय सांगत त्या... म्हणत्यात, हिनंच बघितलं नाय, तर मला कुठून दिसणार?"

अहवालात मी लिहिले: गैरप्रकार आढळला नाही. कारण अज्ञात.

विभागप्रमुखांनी चष्मा काढला. "अज्ञात? हे संगणकशास्त्र आहे की भगताचा अंगारा? पीएचडीचं शिफारसपत्र माझ्याकडूनच हवंय ना तुम्हाला?"

"हो, सर. पण अहवाल हाच आहे."

वैशालीचा प्रवेश टिकला. शिफारसपत्र अजून मिळालेले नाही.

काचेतले प्रतिबिंब, छुपा कॅमेरा, योगायोग — सगळ्या शक्यता मी पडताळल्या. एकही टिकली नाही. वाचकांपैकी कुणाला स्पष्टीकरण सुचले, तर मला ते मनापासून हवे आहे...

वैशाली आता द्वितीय वर्षात आहे, आणि त्या वर्गालाही एक विषय मीच शिकवते. वर्गात मी पासवर्ड टाकू लागले की बाकीची मुले शिष्टाचार म्हणून मान वळवतात. वैशाली दोन्ही कानांवर हात ठेवते.