काहीच माहीत नसलेले सर

वर्गात प्रश्न आला की आम्ही मास्तर लोक उभे राहतो. बसलेले असलो तर उठतो, खडू शोधतो, फळ्याकडे वळतो. हे सर मात्र प्रश्न आला की बसायचे. जवळ जे असेल त्यावर, बाकावर, अवजारांच्या लोखंडी पेटीवर, नाहीतर सरळ फरशीवर. चष्मा कपाळावर ढकलायचे आणि विचारणाऱ्या पोराकडे बघून म्हणायचे, "हे कसं काय होऊन राहिलं बरं? मला तर काही समजंना."

इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्राध्यापकानं पोरांसमोर असं बोलावं? पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला त्यांची कीव आली होती. ती कीव फार दिवस टिकली नाही. तिच्या जागी जे आलं ते अजून गेलेलं नाही, आणि त्याला मत्सर यापेक्षा सभ्य शब्द मला सापडलेला नाही.

लातूर तुम्ही पाहिलं असेलच. इथं रिक्षावाल्याला पत्ता विचारला तरी तो कुठल्या क्लासच्या मागं ते सांगतो. दहावी झालेलं प्रत्येक पोर डॉक्टर होणार, हे गावानं ठरवून टाकलेलं. मग शहराबाहेरच्या आमच्या कॉलेजात कोण येणार? मेकॅनिकलचे वर्ग निम्मे रिकामे. तेव्हा संस्थेनं शक्कल काढली. उन्हाळ्याच्या सुट्टीत नववी-दहावीच्या पोरांना कॉलेजात आणायचं, त्यांना इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं शिकवायचं, वर्कशॉपमध्ये हात काळे करू द्यायचे. पोरं एकदा रमली की पुढं आपल्याकडंच येतील, असा हिशेब.

अभ्यासक्रम मी तयार केला. बल, उष्णता, यंत्रं, वीज, सगळं ओळीनं, आकृत्यांसकट. शिकवायला मात्र मी राजी नव्हतो. मे महिन्यात वर्कशॉपच्या पत्र्याच्या शेडमध्ये कोण भाजून घेणार? तासिका तत्त्वावर एक जण नवीनच आले होते, हिमायतनगरकडचे. उंच, वाळलेले, बाहीला कायम ग्रीसचा डाग. प्राचार्यांनी विचारलं तर म्हणाले, "मी करतो की सर. गावाकडं जाऊन तरी काय करणार हाय?" सुटलो एकदाचा, असं मला वाटलं. घरी येऊन मी दोन वाट्या आमरस जास्त खाल्ला.

आणि वर माझीच अक्कल, मुलीलाही त्या वर्गात घातलं. वैष्णवीची नुकतीच नववी झाली होती. दिवसभर मोबाईल. आम्ही कॉलेजच्या क्वार्टरमध्येच राहायचो, शेड चार पावलांवर. म्हटलं, जाऊ दे, काहीतरी कानावर पडेल.

वैष्णवीबद्दल थोडं सांगायला हवं. लहानपणी ती फार विचारायची. मी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं. बाकीच्या बापांसारखं "जा, खेळ जा" कधी म्हटलं नाही. कूलरमधून गार हवा कशी येते, असं तिनं दुसरीत असताना विचारलं, तर मी कागद घेऊन बाष्पीभवनापासून सुरुवात केली आणि ती झोपेपर्यंत समजावत होतो. पुढं पुढं तिनं विचारणं कमी केलं, मग सोडलंच. मला वाटलं, पोरगी मोठी झाली.

उन्हाळी वर्ग सुरू झाला आणि घरात पुन्हा बडबड सुरू झाली. पण ती तिच्या आईशी. "आई, आज वर्गात गंमत झाली. कुणीतरी खिडक्या लावून घेतल्या, कूलरची हवा बाहेर जाऊ नये म्हणून, तर सगळे घामानं चिकट. कूलर चालू आणि तरी उकडायलंय. सरांना विचारलं तर सरांना पण माहीत नाही." हे शेवटचं वाक्य तिनं एवढ्या आनंदानं सांगितलं की मी हातातला घास ताटात ठेवला.

चार दिवस तेच. एका खोलीच्या खिडक्या उघड्या, दुसरीच्या बंद. थर्मामीटरला ओलं फडकं गुंडाळून बघ, कोरडं ठेवून बघ. माझ्या अभ्यासक्रमाचं पहिलं प्रकरणसुद्धा उघडलेलं नव्हतं. मी प्राचार्यांना तसं सूचित केलं. ते म्हणाले, "पोरं येतायत ना रोज? मग चालू द्या."

एका संध्याकाळी वैष्णवी आमच्या कूलरसमोर उभी होती. एकदम वळली आणि म्हणाली, "मला कळलं."

मी पेपर खाली ठेवला. "सांग."

ती चप्पल शोधत होती. "सरांना सांगून येते. अजून वर्कशॉपमध्येच असतील."

"अगं, मग मला सांग की."

"तुम्हाला माहीत आहे ते, पप्पा," ती म्हणाली आणि गेलीसुद्धा. रागानं नाही हो. अगदी सहज. आपण दूधवाल्याला "आज नको" म्हणतो तितकं सहज.

जेवताना बायको म्हणाली, "जळायलाव काय त्या सरांवर?"

"मी कशाला जळू?"

"मग कोरडीच भाकरी चावायलाव कधीपासनं. भाजी तशीच हाय ताटात."

दुसऱ्या दिवशी मीही प्रयोग केला. स्वयंपाकघरात पाटावर बसलो आणि चेहरा शक्य तितका भोळा करून विचारलं, "वैशू, कुकरची शिट्टी होते ती कशी गं? मला काही उमगत नाही बघ."

तिनं माझ्याकडं वळून पाहिलं. "पप्पा, थर्मोडायनॅमिक्स तुम्हीच शिकवता ना?"

"हो, पण..."

"मग नाटक कशाला करता?" बायको ओट्याकडं तोंड करून हसत होती, तिच्या खांद्यांवरून कळत होतं.

शेवटी हजेरी बघायच्या निमित्तानं मी शेडमध्ये गेलो. ते फरशीवर बसलेले, पोरं भोवती उभी, मधे पाठीवरचा फवारणी पंप सुटा करून पसरलेला. चाकूरचा एक मुलगा तावातावानं बोलत होता. दांडा वरखाली होतो, तर फवाराही थांबून थांबून यायला पाहिजे, मग तो एकसारखा कसा येतो, हा वाद. एक म्हणे नळी लांब आहे म्हणून. एक म्हणे नोझल बारीक आहे म्हणून. सर दोघांनाही "असं व्हय? मग लांब नळी काढून बघता का?" म्हणून पेटवत होते. माझ्या जिभेला नुसती खाज सुटली. पाच मिनिटं मी कळ काढली. मग दारातूनच म्हणालो, "आत हवेची कुपी असते. ती दाब धरून ठेवते, म्हणून फवारा सलग येतो."

सगळ्या पोरांनी माझ्याकडं पाहिलं. मग वह्या काढल्या आणि लिहून घेतलं. सर म्हणाले, "हां, सरांना माहीत हाय." आदरानंच म्हणाले. पण शेड एकदम गप्प झाली, आणि तो चाकूरचा मुलगा पंप जोडायला लागला. वैष्णवीनं मान वर केली नाही.

एकदा चहा पिताना मी त्यांना गाठलं. म्हटलं, "खरं सांगा, तुम्हाला माहीत असतं की सोंग करता?"

त्यांनी बशीतला चहा संपवला. "अर्धं माहीत ऱ्हातं सर. पण पोरगं सांगाय लागलं की माझं ते अर्धं बी खरं वाटंनासं होतं. मग ऐकावंच लागतं."

आता या माणसावर चिडायचं तरी कसं, तुम्हीच सांगा. मी जमवलं ते.

समारोपाला पालक आले. फळ्यासमोर पोरं, आणि सर शेवटच्या बाकावर बसून त्यांना अडवतायत, "थांब थांब, मला समजंना, पुन्हा सांग." माझ्या शेजारी त्या चाकूरच्या मुलाचे वडील होते, सोयाबीनचा भाव सोडून पहिल्यांदाच काहीतरी ऐकत असावेत. हळूच म्हणाले, "हे मास्तर शिकवायलेत का शिकायलेत?" मी हसलो. पण संस्थेत हाच प्रश्न दुसऱ्या कुणीतरी विचारला, आणि तिथं कुणी हसलं नाही. लातुरात प्रश्न पुरता व्हायच्या आत उत्तर देतो तो मोठा मास्तर. "मला माहीत नाही" म्हणणाऱ्याला इथं भाड्यानं खोलीसुद्धा कुणी देणार नाही.

प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "त्यांना विषय येतो का नक्की?"

"येतो. चांगला येतो," मी म्हणालो. जळत होतो, पण इतकाही नव्हतो. त्याचा उपयोग मात्र काही झाला नाही. पुढच्या वर्षी त्यांना तास मिळाले नाहीत, आणि उन्हाळी वर्ग माझ्याकडं आला.

जायच्या आधी ते घरी आले होते. वैष्णवी ट्यूशनला गेलेली. आत येईनात, पायरीवरच पाणी प्यायले. म्हणाले, "तुमची पोरगी लई चांगलं सांगती सर. तुमच्यासारखंच."

"माझ्यासारखं?"

"हाव. ओळीनं. मधलं एक बी सोडत न्हाई. बाकीची पोरं उड्या मारतेत. बापाचं ऐकून ऐकून शिकली असंल."

म्हणजे मी वर्षानुवर्षं तिला जे सांगत आलो, ते ती नेऊन या माणसाला सांगत होती. त्या वेळी मला त्यांचा हात हातात घ्यावासा वाटायला हवा होता. थोडा वाटलाही. पण त्याच वेळी असंही वाटलं, की हे जातायत ते बरंच झालं. दोन्ही खरं आहे.

पुढच्या उन्हाळ्यात मी शिकवलं. सगळी प्रकरणं वेळेत झाली. पालक खूश. वैष्णवी पहिल्या बाकावर बसायची, सुबक अक्षरात सगळं उतरवून घ्यायची आणि तास संपला की "येते पप्पा" म्हणून निघून जायची. तिनं एकही प्रश्न विचारला नाही. घरी बायकोनं विचारलं, "झालं मनासारखं?"

आता वैष्णवी नांदेडला हॉस्टेलवर असते, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. डॉक्टर हो म्हणून नातेवाइकांनी डोकं खाल्लं, ती बधली नाही. सर त्यांच्या गावाकडं एका शाळेत शिकवतात म्हणे. मी त्यांना पायरीवर पाहिलं ते शेवटचं. पण ते गेले असं आमच्या घरात कधी वाटलंच नाही, कारण वैष्णवीचा फोन त्यांना असतो. मलाही असतो. मला ती जेवण, तब्येत आणि सुट्टी सांगते.

यंदा मेमध्ये ती सुट्टीला आली आणि लातुरातल्याच एका डाळमिलमध्ये शिकायला जाऊ लागली. परवा दुपारी आल्या आल्या म्हणाली, "पप्पा, तुरीची मोठी टाकी असते ना, तिची खालची झडप उघडली. टाकी शिगोशीग भरलेली असताना तूर जोरात पडेल, का अर्धी असताना?"

"भरलेली असताना. वरून वजन जास्त."

"चूक. सारखीच पडते. मी उभं राहून पाहिलं."

"कसं शक्य आहे? पाण्याची टाकी भरलेली असली की..." मी बोलायला लागलो आणि थांबलो. पाणी म्हणजे तूर नव्हे. मी मनात कारण शोधलं. एवढी वर्षं शिकवलं त्यात कुठंच सापडेना. "मला माहीत नाही गं," माझ्या तोंडून निघालं.

तिनं माझा चेहरा नीट तपासला. मग आत जाऊन तुरीचा डबा आणला, पुठ्ठ्याची गुंडाळी करून तिला खाली बोटाएवढं भोक ठेवलं आणि माझ्याजवळ बसली. दाणे एकमेकांना टेकतात, टेकत टेकत भिंतीला रेटतात, म्हणून वरचं बरंचसं वजन भिंतच घेते. तोंडापाशी जे थोडे दाणे असतात तेवढ्यांचंच काय ते चालतं. ती सांगत होती, ओळीनं, मधलं एकही न सोडता. बायको चहा ठेवून गेली, तो निवला. किती वर्षांनी ती माझ्याशी असं बोलत होती. मी "मग?" एवढंच म्हणत होतो, पुढं बोलायचा धीर होत नव्हता.

सांगून झाल्यावर ती हसली. "सरांना पण आधी पटत नव्हतं. काल फोनवर कितीदा सांगितलं तेव्हा पटलं."

काल. म्हणजे आदल्या दिवशीच तिकडं पोचलं होतं. लातूरची तूर, माझी मुलगी, आणि ऐकलं पहिल्यांदा हिमायतनगरच्या माणसानं. गप्प बसवेना म्हणून मी तूर हातात घेऊन चाळवत राहिलो, आणि चाळवता चाळवता म्हणालो, "पण मिलमध्ये साल सुटायला तुरीला तेल लावतात ना? तेल लावलेले दाणे भिंतीला कसे धरतील? मग वजन कुणावर?"

वैष्णवीचा हात डब्यात तसाच राहिला. ती पुठ्ठ्याकडं बघत होती, मग माझ्याकडं.

"हे सरांनी नव्हतं विचारलं," ती म्हणाली.

मला जो आनंद झाला तो सभ्य माणसाला शोभणारा नव्हता. मी तो लपवलाही नाही. ती उठली, स्वयंपाकघरातून तेलाची बुधली घेऊन आली, आणि येता येताच दुसऱ्या हातानं मोबाईल काढला. "एक मिनिट पप्पा, सरांना सांगते."

"थांब की जरा," मी म्हणालो आणि बुधलीचं झाकण काढलं. "आधी आपण दोघं बघू. त्यांना उद्या सांग."