माशांचं विरजण

माझी मुलगी समुद्रातल्या माशांच्या पोटातले सूक्ष्म जीव तपासते. हे सांगितलं की पाहुण्यांच्या हातातला चहा निवतो, तरी मी सांगतेच. मोकळ्या समुद्रातल्या माशाच्या पोटात एक वस्ती असते आणि तोच मासा काचेच्या टाकीत आणला की ती वस्ती बदलते, हा तिचा विषय. मागं ती चार महिने बोटीवर गेली, तेव्हा आपले दोन लाडके नारिंगी समुद्री मासे टाकीसकट सोलापूरला माझ्या हॉलमध्ये ठेवून गेली. म्हणाली, "आई, नुसतं खायला घाल. बाकी कशाला हात लावू नकोस."

मला आणि हात लावू नकोस!

गौरी-गणपतीचे दिवस, घरी लक्ष्म्या यायच्या होत्या. घर लख्ख झालं आणि मधोमध ती शेवाळलेली टाकी. हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका काय म्हणतील? आतले दगड आणि गाळणीचा स्पंज काढून मी कढत पाण्यात घासणीनं घसाघसा घासले. टाकी अशी चमकली की मी फोटोसुद्धा काढला.

तिसऱ्या दिवशी मासे वर येऊन धापा टाकायला लागले. बोटीवर फोन लागेना. पोरीला काय तोंड दाखवू, असं मला झालं. तशीच रंगीत माशांच्या दुकानात गेले आणि फोटो दाखवला. दुकानदारानं कपाळावर हात मारून घेतला.

"ताई, दगड धुतलासा व्हय?"

"चांगले कढत पाण्यानं धुतले."

"तितंच घोटाळा झाला की! माशांची घाण खाणारे जीव त्या दगडावर ऱ्हात्यात. ते समदे मेले. आता पाण्यात इख साचलंय."

त्यानं आपल्या खाऱ्या टाकीतल्या मळकट स्पंजाचा तुकडा कापला आणि तिथल्याच पाण्यासकट पिशवीत बांधून दिला. "रोज थोडं पानी बदला. आनि दह्याला इरजण लावता न्हवं? तसंच ह्ये."

हे मात्र मला लगेच कळलं. आमच्या गल्लीत दही बिघडलं की वाटी घेऊन शेजारी जायचं, त्यात लाज कसली? पिशवी पदराखाली धरून मी रिक्षात बसले. घरी रोज त्याच्याच दुकानातलं समुद्री मीठ कालवून पाणी बदलत राहिले. आठवड्याभरानं मोठा मासा दाण्यावर असा झेपावला की मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

मुलगी आली तेव्हा सगळं कबूल केलं. आता ही मासे घेऊन जाणार, अशी मनाची तयारीही केली. तोवर मला त्यांचा फार लळा लागला होता. ती टाकीसमोर बसून पोट धरधरून हसली.

"म्हणजे यांच्यात आता सोलापूरची वस्ती! पुन्हा हलवले तर बिचाऱ्यांना परत पहिल्यापासून सुरुवात. राहू देत तुझ्याकडेच."

मला इतका आनंद झाला की तिनं नको म्हटलेली भाकरी मी दोनदा वाढली.

जाताना तिनं डब्यात घरच्या दह्याचं विरजण नेलं. आणि न विचारता, बॅगेच्या तळाशी घालून, माझी घासणी.