पावणे इले

आमच्या वायरलेसची अँटेना मी हौसेने परड्यातल्या सगळ्यांत उंच माडावर चढवून घेतली आणि घरची मासळी स्वतःच्या तोंडाने गावभर वाटली. तेव्हा मी चाळिशीची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. आता नातवंडं त्या बाईला हसतात. मीही हसते.

हंगाम वाईट होता. जाळी कोरडीच परत येत होती. हे म्हणाले होते, आता बांगडा लागला नाही तर होडी वर ओढणार आणि गोव्याला परक्याच्या ट्रॉलरवर जाणार. मी पहाटेपासून सेटला कान लावून बसायचे. आणि एका सकाळी सेटवर यांचा आवाज आला, "पावणे इले." पाहुणे आले, म्हणजे बांगड्याचा थवा दिसला, आमच्या नेहमीच्या जागी. हा शब्द आम्ही चुलीपाशी बसून ठरवला होता.

धाकट्या दिरांच्या होडीवर ते ऐकू गेलं नाही. मग मी घरातून गळा काढला, "भावजी, पावणे इले! देवळाचो कळस आणि डोंगरावयलो वड एका रेषेत धरा." मासळी लपवली आणि जागा सांगितली. माडावरच्या अँटेनेने ती सगळ्या दर्याला ऐकवली. दीर पोचायच्या आत अख्खा थवा एका वेढ्यात उचलणाऱ्या पर्सनेटच्या मोठ्या बोटी तिथे हजर.

हे रिकामे परतले. ओरडले नाहीत. "शब्द लपवून काय करतलंस? आवाजच पोचाक नको होतो," एवढंच.

मग मी इरेला पेटले. अँटेना उतरवून विहिरीच्या खांबाला बांधली, बंदराच्या बाजूने डोंगर आड येईल अशी. सेटची ताकद बटण फिरवून कमीत कमी केली. दीर होडी यांच्या जवळच ठेवू लागले. आणि आवाज कुठवर पोचतो ते बघायला, हे घरून बोलत असताना मी दुसरा सेट पदराखाली धरून डोंगरापलीकडच्या पुळणीवर चालत जायचे. यांचा आवाज खरखरीत बुडाला की खूश. नवऱ्याचा आवाज मरावा म्हणून वाळू तुडवणारी मी एकटीच असेन.

सगळं जमलं. फक्त लपवायला मासळी उरली नव्हती. थवा परत आला नाही. होडी माडाखाली ओढली आणि हे गोव्याला ट्रॉलरवर गेले.

पुढे एकदा यांचा ट्रॉलर आमच्या गावासमोरून जाणार होता. मी सेट घेऊन किनाऱ्याच्या टोकाला खडपावर बसले. यांचा आवाज आला मात्र, मी सवयीने किंचाळले, "जेवलात? कधी येतलात?"

थोडी खरखर झाली. मग हे म्हणाले, "हळू बोल गो. आता लपवूक काय उरूक नाय, तरी हळू बोल. तुझो आवाज तरी माझ्याकडेच रवू दे."