काकांच्या कॉम्प्युटरमधल्या दोन ओळी

माझं तोंड मुळातच फटकळ. त्यात नोकरी अशी, की दिवसभर लोकांच्या कॉम्प्युटरच्या तक्रारी ऐकायच्या. "तुम्ही सेव्ह केलं नसेल" हे वाक्य तोंडात इतकं बसलंय, की घरी नवऱ्यालाही ऐकवते. खालच्या मजल्यावरच्या घरमालक काकांनाही मी तेच ऐकवलं. एकदा नाही, रोज.

आम्ही मूळचे कोल्हापूरचे, नोकरीसाठी म्हैसूरला आलो. काका पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. पूर्वज राजाच्या फौजेत होते म्हणे. मराठी बोलतात, पण तिच्यात कन्नड इतकं, की पहिलं वर्षभर मी नुसती मान डोलवायचे. मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात फिटर म्हणून त्यांची उभी हयात गेली. काकू गेल्यापासून एकटेच. मुलगा बेंगळुरूला. रोज संध्याकाळी सात वाजता बापलेक कॉम्प्युटरवर व्हिडिओ कॉल करायचे, कारण फोनच्या एवढ्याशा पडद्यावर नातीचा चेहरा काकांना नीट दिसत नसे.

कॉम्प्युटर जुना, म्हणून त्यावर विंडोजऐवजी हलकं लिनक्स मीच बसवून दिलं होतं. गेल्या वर्षी एक नवीनच कटकट सुरू झाली. नेट चालू, पण संध्याकाळ झाली की एकही साइट उघडेना. दोष डोमेन नेम सर्व्हरचा होता. आपण साइटचं नाव टाकतो, तेव्हा हा सर्व्हर त्या नावाचा आकडी पत्ता शोधून देतो. आणि नेटवाल्या कंपनीचा सर्व्हर नेमका गर्दीच्या वेळी मान टाकायचा. दुसरे चांगले सर्व्हर असतात, त्यांचे पत्ते घालायचे, की झालं. मी एक फाइल उघडली, त्यात दोन ओळी बदलल्या, सेव्ह केली. "एकदाच करायचं असतं काका, आता जन्मभर बघायला नको," असं ऐटीत सांगूनही टाकलं. काकांनी सगळ्या पायऱ्या वहीत उतरवल्या. मराठीच, पण कन्नड अक्षरांत. त्यांच्या घरी तशीच लिहितात.

दुसऱ्या दिवशी सातला बोंब. फाइल उघडली, तर माझ्या ओळी गायब, जुनेच पत्ते.

"काका, काही हात लावलात का?"

"स्वल्पसुद्धा नाही गं मा."

मी वहीप्रमाणे त्यांच्याकडूनच ओळी भरून घेतल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "काल सेव्ह केलं नसणार तुम्ही. विसरलात." चौथ्या दिवशी मी वरूनच ओरडले, "अहो, सेव्ह करा म्हणून किती वेळा सांगायचं!" काका वही बघून एकेक अक्षर टाइप करायचे, सात वाजून जायचे, तिकडे मुलगा घाबरून फोनवर फोन करायचा. त्याचं तरी काय चुकलं? एकदा जिन्यात मलाच त्याचा फोन आला. "ताई, अप्पा हल्ली विसरतात का हो?" मी म्हटलं, "हो, जरा विसरतात." किती सहज बोलून गेले मी!

पंधरा-वीस दिवसांनी मंडी मोहल्ल्यातून भाजी घेऊन आले, तर काका ओसरीत बसलेले. मला थांबवलं. म्हणाले, "मला विचार बघू. आज वार कुठला, काल काय जेवलो, विचार." मला वाटलं, थट्टा चाललीय. पण चेहरा थट्टेचा नव्हता. डॉक्टरांकडे जाऊन विसराळूपणाच्या गोळ्याही ते घेऊन आले होते. "मुलगा बेंगळुरूला राहायला चला म्हणतोय, त्याला हो म्हटलंय मी. रविवारी गाडी घेऊन येतोय. रोजची दोन ओळींची गोष्ट राहत नाही डोक्यात, मग एकटा कसा राहू मी?"

भाजीची पिशवी तिथेच ठेवली आणि त्यांना आत कॉम्प्युटरसमोर नेऊन शेजारी बसले. म्हटलं, आता माझ्यासमोर करा. त्यांनी ओळी भरल्या. एकही चूक नाही. सेव्ह केलं, मी डोळ्यांनी पाहिलं. मग सवयीने त्यांनी कॉम्प्युटर बंद केला आणि भिंतीवरचं बटणही खटकन पाडलं. कारखान्याची शिस्त: काम संपलं, की मशीनचा मेन बंद. पुन्हा चालू केला. फाइल उघडली. ओळी गायब.

आई गं! आमच्या कंपनीतले कॉम्प्युटर कधी बंदच होत नाहीत आणि तिथे ही फाइल हाताने लिहिलेली तशीच टिकते. घरच्या लिनक्समध्ये मात्र चालू होताना नेटवर्कचा प्रोग्राम ती फाइल स्वतःच नव्याने लिहितो. वरच्याच ओळीत तसं लिहिलेलंही होतं. मी शहाणीने ती ओळ कधी वाचलीच नव्हती.

नेटवर्कच्या सेटिंगमध्ये गेले, आपोआप मिळणारे पत्ते बंद केले, आपले दोन घातले. मेन बंद, मेन चालू. पत्ते जागच्या जागी.

"काका, चूक माझी होती. तुम्ही एकदाही विसरला नव्हतात."

ते बघतच राहिले. "मत्ते एकदा सांग."

मी परत सांगितलं. माझे डोळे भरून आले, आणि स्वतःचा रागही आला. सात वाजता कॉल पहिल्या झटक्यात लागला. काकांनी मला हाताला धरून कॅमेऱ्यासमोर बसवलं. "त्याला सांग. आता मला सांगितलंस तस्सं." मी त्याला सगळं सांगितलं, जिन्यातलं फोनवरचं माझं बोलणं खोटं होतं हेही सांगितलं.

मुलगा हळूच म्हणाला, "अप्पा, मग रविवारी गाडी नको आणू?"

"आण की," काका म्हणाले. "सुनेला, पोरीला घेऊन ये. जेवा, आणि तिघं परत जा. मी हितंच हाय."